तातडीचा बांध

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. एकोणीसशे एकोणसाठ साली, पिठोरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला. त्या भरतीत धरमतरच्या खाडीचं पाणी बांध फोडून आमच्या खारीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, शिरलं आणि आत्याचं पोटरीत आलेलं भात बुडालं. गावातल्या इतरांचंही बुडालं. पण इतरांना निदान दर्याला शिव्या घालून मोकळं होता आलं. आत्याचं जे केलं ते माणसांनी केलं, आणि दोनदा केलं. आधी कचेरीनं, मग गावानं.

खारेपाटातली आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खोल आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध, एवढीच आमची मालमत्ता. खारं पाणी एकदा आत आलं की पुढचे दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही. म्हणून बांधाला खांड पडली, म्हणजे फुटून तोंड पडलं, की पूर्वी जोळ निघायचा. खारीत ज्याचं शेत, त्या प्रत्येक घरातून एक माणूस. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो, तेवढ्यात ओहोटीला खाडीतला काळा चिकण चिखल कापायचा, हातोहात वर द्यायचा आणि थरावर थर तुडवायचा. माझ्या आत्याचा नवरा मचव्यावर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून तिच्या घरातून जोळाला तीच जायची आणि कमरेएवढ्या चिखलात पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहायची.

जोळाचा एक दंडक होता. बांधावर उभं राहून बांधाला नाव ठेवायचं नाही. कच्चा, पोकळ, ढिला हे शब्द तिथं काढायचे नाहीत; दर्या ऐकतो. काही चुकलंमाकलं असेल तर घरी ओटीवर बसून बोलायचं. बांधावर कुणी विचारलं तर उत्तर एकच: भक्कम. मी लहानपणापासून हे ऐकत आलो आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. जोवर बांध गावाचा होता तोवर त्यात वावगं नव्हतंही. ओटीवर भांडण व्हायचं आणि सकाळी जाऊन लोक खराब थर उकरून काढायचे.

स्वराज्य आलं, आणि काही वर्षांनी बांध सरकारच्या ताब्यात गेला. आम्ही पेढे वाटले. आता दगड येईल, पाणी सोडायला-अडवायला पक्क्या दाराची उघाडी येईल, बायकांना चिखलात उतरावं लागणार नाही, असं मीच गावभर सांगत फिरलो होतो. आलं काय, तर फर्मान: सरकारी बांधाला परवानगीशिवाय हात लावू नये.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत आत्याच्या शेतासमोर बांध खचला. अजून खांड पडली नव्हती. खेकड्यांनी पोखरून पोखरून अंग आत घेतलं होतं, बस. जोळानं दोन भांगांत काम उरकलं असतं. पण फर्मान होतं. मी अर्ज लिहिला, आत्यानं अंगठा केला, आणि तालुक्याच्या कचेरीत जाऊन तो दिला. पौषात गेलो. होळीआधी गेलो. चैत्रात गेलो तेव्हा अव्वल कारकून मला बघून म्हणाला, "या पुढारी, आज कुठलं पत्रक?" मी म्हटलं, पत्रक नाही, बांध. तो म्हणाला, प्रस्ताव वर गेला आहे. वर म्हणजे कुठे, ते त्या कचेरीतल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. वैशाखातल्या उधाणाला खांड पडली.

आणि मग एकदम सगळ्यांना घाई झाली. पावसाळा तोंडावर आला आहे, टेंडर काढायला वेळ नाही, जनतेचं नुकसान होईल, म्हणून काम तातडीचं ठरवून थेट एका ठेकेदाराला दिलं. ठेकेदार तालुक्याचाच. आसपासच्या खारींची बांधबंदिस्ती कैक वर्षं त्याच्याकडे होती आणि त्यातल्या एकाही कामाचं टेंडर निघालेलं कुणी पाहिलं नव्हतं. दर वेळी तातडी. लोक म्हणत, बिचाऱ्या सरकारनं तरी काय करावं, पाऊस काय थांबणार आहे? मला त्या वेळी जे उमगलं ते मी आजही ओरडून सांगतो. ही तातडी आभाळातून पडलेली नव्हती. कच्चा आंबा पेंढ्यात दाबून अढी लावतात, तशी ती दिवाळीपासून वैशाखापर्यंत कचेरीत दाबून पिकवली होती. पिकली तशी ज्याच्यासाठी ठेवली होती त्याच्या हातात दिली.

ठेकेदारानं खाडीतला चिखल कापलाच नाही. त्याला माणसं लागतात आणि ओहोटीची वाट पाहावी लागते. त्यानं डोंगराकडून गाड्या भरून लाल मुरूम आणला आणि खांडीत ओतला. मुरूम भरतीच्या पाण्यात टिकत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठेकेदारालाही ठाऊक होतं. कामावर देखरेख ठेवणाऱ्या ओव्हरसियरलाही ठाऊक होतं.

आणि इथं आमच्या गावानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही गावानं केलं नसतं. गाव जोळाला गेलं. बांधावर काम चाललं आहे आणि खारीतलं घर घरी बसलं आहे, असं कधी झालं नव्हतं, म्हणून प्रत्येक घरातून माणूस निघाला आणि ठेकेदाराच्या कामावर फुकट राबला. मी आडवा गेलो. म्हटलं, अरे, याला या कामासाठी सरकार पैसे देतं, तुम्ही कशाला मरता? आमचा म्हातारा पंच, नात्यानं आत्याचा चुलत सासरा, माझ्याकडे बघून हसला. "बांदावर काम हाय न् आपुन घरी बसाचा? शिकलास त्याचा ह्यो फायदा व्हय?" लोक हसले. ठेकेदारानं सगळ्यांना चणे-गूळ वाटला. त्यातल्या त्यात लोकांनी काळ्या चिखलाचे दोन थर वरून घातले. बाहेरून बांध छान दिसू लागला, आत मुरूम तसाच.

टेंडर न काढता दिलेलं काम वरच्या साहेबानं प्रत्यक्ष पाहून पसंत करावं, अशी पद्धत होती. ती मला माहीत होती, आणि माझी सगळी आशा त्या एका दिवसावर होती. ओव्हरसियर ठेकेदाराला सामील असेल, पण वरचा साहेब लांबून येतो, तो तरी बांध उकरून बघेल. आत्यालाही मी हेच सांगितलं होतं. तिनं विचारलं, तो काय विचारील? मी म्हटलं, बांध कसा आहे ते विचारील. तिच्या मनात तेव्हाच काय चाललं होतं ते मला कळलं नाही.

साहेब जीपनं आला, रस्ता संपतो तिथं उतरला. ठेकेदारानं गावच्याच तळ्यातला जिताडा काढून साहेबाच्या जेवणाला शिजवला होता. तळं गावचं, मासा गावचा, पाहुणचार ठेकेदाराचा. जेवण झाल्यावर साहेब बांधावर चढला. खांडीच्या जागेपर्यंत गेलाच नाही, अलीकडेच छत्री उघडून उभा राहिला. गाव बांधावर भोवती गोळा झालं; मी खाली शेतात उभा होतो, तिथून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. त्यानं म्हाताऱ्या पंचाला विचारलं, "काय पंच, काम झालं ना? माणसं होती ना कामावर?"

पंच म्हणाला, "व्हय सायेब. गाव सगला व्हता." यात खोटं काहीच नव्हतं.

"बांध कसा आहे?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. त्याला ठाऊक होतं आत काय आहे. पण तो बांधावर उभा होता. तो म्हणाला, "भक्कम हाय."

साहेबानं ओव्हरसियरकडे पाहिलं, ओव्हरसियरनं लिहून घेतलं. आणि बायकांच्या घोळक्यातून आत्या पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, चुलत सासऱ्याकडे पाठ करून ती साहेबाला म्हणाली, "सायेब, बांद कच्चा हाय. आत मुरूम हाय. उकरून बघा."

ठेकेदार काही बोलणार होता, त्याला बोलावं लागलंच नाही. गावच बोललं. एकानं तिला मागं ओढलं. पंच म्हणाला, "तुजी जीब झडंल गो. बांदावर उभी ऱ्हाऊन बोलतेस?"

"मामंजी, ओटीवर बोलले तं सायेबाला कसा आयकू जाल?" आत्या म्हणाली.

यावर तिला शिव्या पडल्या. साहेब मला मूर्ख वाटला नाही. आत्या काय म्हणाली ते त्याला नीट कळलं होतं. त्यानं एकदा त्या मुरमाच्या जागेकडे नजर टाकली, मग घड्याळाकडे. म्हणाला, "गावातले आपसांतले वाद गावानं मिटवावेत," आणि खाली उतरला. मी जीपच्या आडवा उभा राहिलो आणि म्हटलं, कुदळ आणतो, दोन घाव घाला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गावकऱ्यांनीच मला बाजूला केलं.

मग पिठोरी आली आणि पिठोरीचं उधाण आलं. दुपारी मुरूम आतून विरघळला. वरचे चिखलाचे थर, लोकांनी फुकट तुडवलेले, थोडा वेळ कमानीसारखे लोंबत राहिले आणि बसले. पाणी आधी आत्याच्या शेतात आलं, तिथून सगळ्या खारीत, तिथून पिण्याच्या तळ्यात. भात उभं होतं, हिरवं होतं, आणि भरती उतरल्यावरही हिरवंच दिसत होतं. सुकायला चार-सहा दिवस लागले. त्या दिवसांत लोक बांधावर येऊन नुसते बघत बसत.

दोष कुणाचा हे ठरायला मात्र तेवढेही दिवस लागले नाहीत. आत्यानं बांधाला नाव ठेवलं, दर्यानं ऐकलं. मुरमाचं नाव कुणी काढलं नाही. मी घरोघर जाऊन समजावलं, पत्रक छापून वाटलं. लोकांनी त्यात चणे बांधले. पुढे पंचांची बैठक झाली आणि ठरलं की आत्याच्या घरातला माणूस जोळात घ्यायचा नाही. जोळात घर नाही म्हणजे शेतातलं खारं पाणी काढायला, शेताचे ताल, म्हणजे आतले लहान बांध, घालायला, उघाडीवर पाळी लावायला कुणी तिच्या बाजूनं उभं राहणार नाही. एकट्या बाईनं खारीतली जमीन पुन्हा गोडी करणं अशक्य आहे. तिची जमीन त्या बैठकीत गेली. भरतीत गेली असती तर दोन-तीन वर्षांनी परत आली असती.

मी पुन्हा तालुक्याला गेलो. अव्वल कारकुनाला विचारलं, फुटलेल्या बांधाची चौकशी होणार का? तो म्हणाला, कसली चौकशी? काम पाहिलं गेलं आहे, गावच्या पंचानं सगळ्यांसमोर भक्कम म्हणून सांगितलं आहे, त्यानंतर दर्यानं काय केलं त्याला खातं काय करणार? मग जरा पुढे झुकून, अगदी सलगीनं म्हणाला, "पण काळजी करू नका पुढारी. नवी खांड मंजूर झाली. टेंडरच्या भानगडीत वेळ जाणार नाही. तातडीचं काम धरलंय."

मी विचारलं, कुणाला दिलं?

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

आत्या दिवाळीनंतर उरणकडे मिठागरावर कामाला गेली. मी तिला पोचवायला गेलो होतो. मी म्हटलं, आत्या, तू बोललीस ते बरोबर होतं. ती म्हणाली, "बरोबर व्हता ते मलाबी ठावं हाय. पन मी एकटी बोलले. तू शेतात व्हतास, मंग जीपपाशी गेलास. बांदावर माज्या बाजूला कोन व्हता?" मग तिनं बोचकं डोक्यावर घेतलं आणि आगराच्या कडेकडेनं चालू लागली. ती अजून तिथंच मिठाच्या पाट्या वाहते. तिचं शेत ओसाड आहे, त्यात आता तिवरं उगवली आहेत. त्या ठेकेदाराकडे आता आणखी दोन खारींची बांधबंदिस्ती आहे, दोन्ही तातडीची.

हे वाचून हळहळू नका. हळहळ मला नको, आत्याला तर त्याहून नको. तुमच्या तालुक्यात या साली टेंडर न काढता दिलेलं एक तरी काम आहे. रस्ता असेल, विहीर असेल, शाळेचं छप्पर असेल. उद्या कचेरीत जा. एकटे जाऊ नका, चार माणसं घेऊन जा. त्या कामाचा पहिला अर्ज कुठल्या महिन्यात आला होता आणि काम तातडीचं कुठल्या महिन्यात ठरलं, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा, आणि ते हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.