आर्डिस हॉगनच्या नव्या पुंगळ्या

आर्डिस हॉगनला कुणी "आता पुरे" म्हटलं, की ती कॉफीचा मग पुढे करायची. "पुरे कसलं? भर."

आमच्या कॉटनवुड बेंडच्या नेमबाजी क्लबाचा चौघांचा संघ दर शरदात नदीपलीकडच्या गावाशी लढतो. त्यातली एक जागा आर्डिसची. नवरा होता तेव्हापासूनची. पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कप्तान मर्लला त्या जागेवर आपला जावई ट्रेंट दिसायला लागला. निवडीचा नियम साधा आहे. दिवसभरात ज्याच्या एका कागदावरची पाच भोकं एकमेकांच्या सर्वांत जवळ, तो वर. पहिले चार संघात.

निवडीच्या आठवड्यात तिचा मुलगा रस शहरातून आला आणि आईला मदत म्हणून त्याने गॅरेज झाडून काढलं. मी तिची शेजारीण, ॲपल-पायचं भांडं परत द्यायला गेले, तर आर्डिस रिकाम्या फळीकडे बघत उभी.

"आई, काडतुसांच्या त्या काळ्या पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या भंगारात दिल्या," रस म्हणाला. "या बघ नव्या आणल्यात. सोन्यासारख्या!"

आर्डिसने खोका उघडलासुद्धा नाही. "माझा तेल मुरलेला बिडाचा तवाही घासलास का रे?"

"हो. साबण लावून."

"वाटलंच मला."

एकाच बंदुकीत पुन्हा पुन्हा भरून उडवलेली पितळी पुंगळी त्या बंदुकीच्या खोबणीचाच आकार घेते. पुढच्या वेळी ती आपल्या जागी सरळ बसते आणि गोळी दर वेळी सारखीच सुटते. नवी पुंगळी कुणाच्याही बंदुकीत जावी अशी बनवलेली, म्हणून सगळीकडेच थोडी सैल. आमच्याकडे नवरा-बायकोही आपल्या पुंगळ्या एकमेकांना देत नाहीत. नव्या आधी एकदा उडवून घ्याव्यात, तर वणव्याच्या भीतीने मैदान आठवडाभर बंद. निवडीच्या आदल्या रात्री चार थेंब पडले तेव्हा कुठे उघडलं.

निवडीच्या दिवशी तिच्या बाकावरचं चकाकतं पितळ मर्लने लांबूनच ओळखलं.

"आर्डिसबाई, नव्यांवर काय होतं ते मी सांगायला नको. यंदा पंच म्हणून बसा. सगळे मानाने वागवतील."

"मर्ल, रविवारच्या शाळेत दहा आज्ञा मीच तुझ्याकडून पाठ करून घेतल्या. म्हातारीने घरी बसावं, ही अकरावी कधी आली?"

मर्ल कान खाजवत निघून गेला.

सकाळी तिचा कागद चाळणीसारखा झाला. कोंबडीने अंगण उकरावं तशी भोकं. ट्रेंट शेजारून ओरडला, "आजी, कागद मारताय की माश्या?" दोघेचौघे हसले. आर्डिसने मानही वळवली नाही. उडालेली प्रत्येक पुंगळी गरम असतानाच उचलून एप्रनच्या खिशात टाकत राहिली.

"आई, चल घरी," रस हळूच म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "चूक माझी आहे."

"आहेच. आता गाडीचा मागचा फळका खाली कर."

आमच्याकडे दोन फेऱ्यांच्या मध्ये मैदानावरच काडतुसं भरतात, त्यात नवल नाही. पण सकाळ अशी हातची गेल्यावर कुणी भरायला बसत नाही. ती बसली. हाताने दाबायचं यंत्र फळक्याला आवळलं आणि वाऱ्याने बंदुकीची दारू तोलायचा काटा हलू नये म्हणून तो पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला. पुंगळीची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, आवळायची. बंदुकीने घडवलेलं अंग तसंच राहू द्यायचं. सगळे बीन्स आणि मक्याचा पाव खात होते. तिची थाळी तिथेच निवली.

"सगळी सकाळ पुंगळ्या घडवण्यातच घालवलीत?" मर्लने विचारलं.

"तुझ्या डोळ्यांदेखत."

दुपारी बाकावर बसण्याआधी तिने डोकं झुकवलं. मीही मनात देवाचं नाव घेतलं. देव नेम धरून देत नाही, पण हात धरतो.

पहिला कागद बेताचाच. ट्रेंटने खुशीत सासऱ्याला अंगठा वर करून दाखवला. दुसऱ्या कागदावर आर्डिस प्रत्येक गोळीआधी इतकी थांबली, की मागच्यांनी खोकायचंही सोडून दिलं. कागद आणला तर पाचही भोकं एकमेकांत शिरलेली, तिपती गवताच्या तीन दलांच्या पानासारखी.

मर्लने पट्टी लावली. पुसून परत लावली.

"चौथ्या," तो म्हणाला. "अगदी काठावर."

"पट्टी तुझी आहे. माझी असती तर पहिली आले असते." मग ती ट्रेंटकडे वळली. "पाचवा म्हणजे राखीव. राखीवाने सामान उचलायचं, हा क्लबचाच नियम ना? ही बंदूक घे. आणि सांभाळून, ती तुझ्याहून वयाने मोठी आहे."

आता हसायची पाळी इतरांची होती. ट्रेंटने बंदूक उचलली.

रस पुंगळ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून गाडीत बसला. झाकणालाही हात लावायची त्याची छाती होईना.

"आई, आणखी काही करू का?"

"कर ना. तो तवा तुझ्या घरी ने. रोज त्यात खारं मांस तळ. चरबी मुरून काळा झाला की परत आण," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.