पुलाला सरपंचांचा विरोध

लोकांनी मला सरपंच केलं आणि त्याच लोकांनी, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, मला काहीही करता येऊ नये याचीही पक्की व्यवस्था करून ठेवली. सरपंच थेट जनतेतून, म्हणून मी निवडून आले. सदस्य वॉर्डावॉर्डांतून, म्हणून नऊपैकी सहा समोरच्या पॅनलचे आले. उपसरपंच अर्थातच त्यांचा झाला. असं का केलंत म्हणून विचारलं, तर गावातले शहाणे म्हणाले, "दोनी बाजू खूश ठुल्या बगा, बाई."

बाई म्हणजे मी. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं याच गावात. निवृत्त झाले आणि सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. बाईला सह्या करता येतात आणि बाई घरी रिकामीच आहे, एवढ्या पात्रतेवर मला उभं केलं गेलं.

कागदोपत्री ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसतात. येलदरी धरणाच्या पाण्यात मासे नसतात, तसेच. आमचं पॅनल ज्या पक्षाचं, तो राज्यात विरोधात बसलेला. त्यांचं ज्या पक्षाचं, तो सत्तेत. आमदार त्यांचे, पालकमंत्री त्यांचे. आमच्या पक्षाकडं देवगाव फाट्यावर लावलेला एक बॅनर होता, तोही वाऱ्यानं फाटला.

मला सरपंच म्हणून एकच गोष्ट करायची होती. गाव आणि पलीकडची वस्ती यांच्या मधून ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात शेरडं बसतात, पण श्रावण-भादव्यात पाणी कमरेला लागतं. हायस्कूल गावात. म्हणजे वस्तीतल्या पोरी पावसाळाभर घरी. मुलं कपडे डोक्यावर बांधून येतात, पोरींना ती सोय नाही. प्रचाराला वस्तीत गेले तेव्हा रोजानं जाणारी एक बाई कामावरून येऊन दारात उभी होती. तिची मुलगी नुकतीच सातवी पास झालेली, माझ्या हाताखालून गेलेली, हुशार पोर. ती आई म्हणाली, "मत तुमालाच देते. पर पूल द्या. न्हाई तर आणिक एक पावसाळा बगीन आन् तिचं लगीन लावून टाकीन. घरी बसलेली पोर किती दिवस संबाळू?"

मी शब्द दिला. मास्तरणीला शब्द देताना विचार करायची सवय नसते.

पहिल्याच मासिक सभेत पुलाचा विषय मांडला. उपसरपंच उठला आणि म्हणाला, "ह्या विषयाला आमचा विरोध हाय."

"कामून?" मी विचारलं.

"तुमी मांडला म्हणून."

हा मुलगा चौथीला माझ्याच वर्गात होता. खरं बोलावं हे मीच शिकवलेलं, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार? सहा विरुद्ध चार, विषय फेटाळला. पुढच्या सभेत पुन्हा मांडला, पुन्हा फेटाळला. तिसऱ्या वेळी त्यांनी वाचूनही घेतला नाही. ग्रामसेवक सज्जन माणूस, तो कानात म्हणाला, "मॅडम, प्रोसिडिंगचं पान वाया जातंय."

मी सेलूला पंचायत समितीत गेले. साहेबांनी विचारलं, ठराव आहे का? नाही. आमदारांची शिफारस? नाही. मग आहे काय? मी म्हटलं, ओढा आहे, पाणी आहे, पोर आहे. साहेब हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. मग आमदारांच्या कार्यालयात गेले. तिथल्या स्वीय सहायकानं आधी गावाचं नाव विचारलं, मग गट विचारला आणि मग माझ्या अर्जाची उघडता उघडता पुन्हा घडी घातली. चहा मात्र पक्षभेद न करता दिला.

परत येताना टमटममध्ये बसल्या बसल्या मला चौथीचा वर्ग आठवला. उपसरपंच तेव्हा नऊ वर्षांचा, हट्टी, काळा कुळकुळीत, दप्तरात कायम चिंचा. त्याला पाढे म्हण म्हटलं की तोंडाला कुलूप. एकदा वैतागून म्हटलं, "तू म्हणूच नको. तुला जमणार नाही. गप बस." पठ्ठ्यानं उभं राहून सतराचा पाढा एका दमात म्हणून दाखवला. पुढं वर्षभर मी त्याला काही करू नको असंच सांगत गेले, आणि तो वर्गात दुसरा आला. हे सगळं आठवलं आणि टमटममध्ये मी एकटीच हसले. शेजारच्या म्हातारीनं पदर सावरून थोडं अंतर घेतलं.

आधी लहान प्रयोग केला. अंगणवाडीला कुंपण हवं होतं, गुरं थेट खिचडीच्या पातेल्यापर्यंत यायची. मी किराणा दुकानासमोर उभी राहून चार लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कुंपणबिंपण काही नको, उगीच खर्च." पुढच्या सभेत उपसरपंचानं स्वतः कुंपणाचा विषय मांडला. मी कडाडून विरोध केला. सहा विरुद्ध चार, मंजूर. महिनाभरात कुंपण उभं राहिलं, कारण त्यांचा ठराव असला की फायलीला पाय फुटतात.

मग पूल. त्या सभेत मी जे भाषण केलं त्याची मला अजून लाज वाटते आणि थोडा अभिमानही. मी म्हटलं, पुलाची गरजच काय? वस्तीतल्या मुली पावसाळ्यात घरी राहिल्या तर घरकाम शिकतात. रोज शाळेत आल्या तर शिक्षकांना रोज शिकवावं लागेल. माझ्याच बाजूच्या तीन सदस्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला उन्हाचा झटका आलाय. त्यांना मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत ते मारुतीच्या पारावर पोचलं असतं. ग्रामसेवकाचा पेन थांबला.

"लिहा," मी म्हटलं. "माझा विरोध ठळक नोंदवा."

त्यानं प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं: पुलाच्या कामास सरपंचांचा विरोध नोंदवून ठराव बहुमताने मंजूर. खाली मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सही लांबून वाचता येते.

पुढचं सगळं पक्षानं केलं, म्हणजे त्यांच्या. सरपंच आडवी येते आहे म्हटल्यावर आमदारांनाही चेव आला. शिफारस आली, मंजुरी आली, भूमिपूजन ठरलं. मंडपात माझी खुर्ची स्पीकरच्या खांबाला टेकून होती. आमदार म्हणाले, "काही लोकांना विकास बघवत नाही," आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. नारळ फुटला, त्याचा एक तुकडा मलाही मिळाला, गोड निघाला.

पाऊस लागायच्या आत पूल झाला. साधाच, पाइपांवर स्लॅब टाकलेला, दोन्ही बाजूंना गुडघाभर कठडा. पहिला पूर येऊन ओढा तांबडा झाला त्या सकाळी मी मुद्दाम तिकडं गेले. ती पोर सायकल हातात धरून, खाली पाणी बघत, हळूहळू पुलावरून आली. आता नववीतली. मला बघून "नमस्ते बाई" म्हणाली आणि सायकलवर टांग टाकून गेली. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी भर दुपारी शिरा केला आणि एकटीनं खाल्ला.

त्यानंतर मी थांबलेच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला विरोध केला, वाचनालयाला केला, पाण्याच्या टाकीला तर दोनदा केला, कारण पहिल्यांदा जागा चुकीची निवडली होती. मी एवढ्या गोष्टींना विरोध केला की गाव सुधारलं.

मध्ये एकदा भलताच पेच आला. मुंबईत आमचा पक्ष फुटला आणि त्यातले अर्धे रात्रीतून सत्तेत गेले. आम्ही त्या अर्ध्यातले की उरलेल्या अर्ध्यातले, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. उपसरपंच सकाळीच माझ्या दारात. "बाई, आपुन आता विरोधात हाव का सोबत?"

"वरून कळेपर्यंत भांडत राहू," मी म्हटलं. "सवय मोडायला नको."

तो बरं म्हणाला आणि गेला. आम्ही उरलेल्यांत निघालो, तेव्हा गावाचं काही बिघडलं नाही.

पाच वर्षं सरली, निवडणूक लागली. या वेळी पद खुलं होतं आणि समोर उपसरपंच होता. तरी मी पुन्हा उभी राहिले, हा माझा मूर्खपणा. अर्ज भरल्याच्या तिसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर एक फोटो आला. प्रोसिडिंगचं ते पान. 'सरपंचांचा विरोध' याच्याखाली लाल रेघ आणि शेजारी माझी लांबून वाचता येणारी सही. संध्याकाळपर्यंत त्याच्या झेरॉक्स वस्तीत घरोघरी पोचल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई आली. तो कागद घडी घालून पदराच्या गाठीला बांधला होता. घरात ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "पोरीनं वाचून दावलं. तुमचीच सई हाय म्हनली."

मी तिला सगळं सांगितलं. चौथीचा वर्ग, पाढे, कुंपण, सगळं. तिनं पदराची गाठ चाचपली. मग म्हणाली, "आसं कुठं आस्तंय व्हय, बाई? पायजे आसलेल्या गोष्टीला मानूस न्हाई म्हनतंय व्हय?"

तिच्या जगात पाहिजे ते पाहिजे म्हणतात आणि नको ते नको म्हणतात. शासन कसं चालतं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती पायऱ्या उतरून गेली.

मी तडक उपसरपंचाच्या घरी गेले. तो ओट्यावर प्रचाराच्या टोप्या मोजत बसला होता. मला बघून उभा राहिला, अजूनही राहतो. ते पान वाटलं म्हणून मी त्याला बोलले, चौथीतल्या मुलाला बोलावं तसं. त्यानं हातातल्या टोप्या खाली ठेवल्या. मग हळूच म्हणाला, "बाई, मला चौथीत बी कळायचं."

"काय कळायचं?"

"तुमी 'म्हनू नको' म्हनल्या की समजायचं, आज म्हनायचं हाय. पुलाच्या येळला बी कळालं. तुमी हो म्हनल्या आस्त्या तर मला न्हाई म्हनावं लागलं आस्तं. वरचे बगत व्हते."

मी ओट्यावर बसले. पाच वर्षं मला वाटत होतं की मी एकटी राज्य चालवते आहे.

"मग ते पान का वाटलंस?"

"निवडनूक हाय, बाई." आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून त्यानं माझे पाय धरले. मतं मात्र सोडली नाहीत.

"बाकी गावाला नको सांगू," मी म्हटलं. "त्या एका आईला सांग."

"मतदान झालं की सांगतो. आईची आन."

मतदान झालं. मी पडले, वस्तीतून तर सपाटून पडले. आता तोच सरपंच आहे, आणि बरा चालवतो. पण त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही. त्याला 'सांगू नको' म्हणायला हवं होतं, हे मला उशिरा सुचलं.

ती पोर कॉलेजला जाते. फाट्यावरून तिला एसटी मिळते. पुलावर भेटली की मान खाली घालून सायकल जोरात मारते. आणि तिची आई, मी या टोकाला दिसले की त्या टोकाला थांबते. मी चालत पलीकडं जाऊन रस्त्याला लागेपर्यंत ती पुलावर पाय ठेवत नाही.

याला माझा विरोध आहे, खराखुरा. पण तो नोंदवून घ्यायला आता समोर कुणी ग्रामसेवक नाही.