समोरच्या काकांची किक

स्कूटर सुरू होत नसेल तर काय करावं, हे इथे कळेल असं वाटलं असेल, तर सॉरी. मला सायकलची उतरलेली चेनही चढवता येत नाही.

काल समोरचे काका किकवर किक मारत होते. काकूंना भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं आणि एसटी सुटायला आली होती. काकांनी प्लग पुसला, चोक ओढला, स्कूटर एका अंगावर कलती करून पुन्हा उभी केली. नुसतं फुस्स. मी कट्ट्यावरून बघत होतो, आणि दर किकला माझाच उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. शेजारी उभ्या दूधवाल्याचाही. बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसंच. दुसऱ्याचं अडलेलं काम आपल्या अंगात कधी शिरतं, कळतच नाही.

पुढच्या किकला तर माझ्या तोंडूनच निघालं, "भुर्रर्र ट ट ट ट!" नकला करायची सवय, त्यामुळे आवाज हुबेहूब. काकांचा चेहरा उजळला. काकू पिशवी घेऊन टुणकन मागे बसल्या. काकांनी गिअर टाकला, क्लच सोडला. स्कूटर जागची हलली नाही.

काकूंनी आधी स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेल्या, तोंडाने चालू केलीस ना? आता तोंडानेच सोड मला स्टँडवर!"