उजव्या चाकावरचं भगोणं

वडशातला अंकुश डेंटर कामाला वाघ. ठोकलेली जीप त्याच्याकडे टाकली की आठवड्याने ती ठोकली होती हे मालकालाही पटत नाही. त्या अंकुशकडे नागपूरचा एक शौकीन डॉक्टर फोटोंचा गठ्ठा घेऊन आला. इंग्रजांची सत्तर वर्षांपूर्वीची रेसची गाडी, जॅग्वार. तशीच बनवायची, हाताने ठोकून, तसूभर फरक नको. तेव्हापासून आमचा अंकुश जमिनीवर राहिलाच नाही. चहाला बोलावलं तरी फोटो घेऊनच यायचा.

पुढच्या चाकांवरचे गोल उभार म्हणजे त्या गाडीची खरी शान. डावा जमला. उजव्याचा पत्रा मात्र वळणावर येऊन फाटायचाच.

नेमकं तेव्हाच विहारातलं मोठं भगोणं बारीक भोक बुजवायला त्याच्याकडे आलं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, जुनं, जाड. बुद्धपौर्णिमेची खीर दरवर्षी त्यातच शिजायची. सत्यशीलाबाईंनी नवऱ्यामागे ते विहाराला दिलं होतं, आणि पोटावर ठिपक्यांनी कोरून घेतलं होतं : कालकथित देवराव यांच्या स्मरणार्थ.

त्या भगोण्याच्या पोटाला अंकुशला हवी तीच गोलाई होती. त्याने ते कापलं, तापवलं, ठोकलं आणि उजव्या चाकावर बसवलं. गाडीशी इमान राखायच्या नादात गडी माणसांशी बेइमान झाला, दुसरं काय म्हणायचं? नाव पुट्टी आणि हिरव्या रंगाखाली दडेल असा त्याचा हिशेब होता. विहारातून कोणी विचारायला आलं की मान वर न करता सांगायचा, अजून टाका बसला नाही.

बुद्धपौर्णिमा आली. मंडळींनी मंडपवाल्याचं भगोणं मागून आणलं. अंकुश काही विहाराकडे फिरकला नाही. गॅरेजचं दार ओढून पुट्टी लावत बसला. जेवायला दिसला नाही म्हणून सत्यशीलाबाई स्वतःच खिरीची वाटी घेऊन आल्या.

‘कालकथित’ पुट्टीखाली गेलं होतं. ‘देवराव’ उघडंच होतं.

बाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. अंकुशच्या हातातली पुट्टी लावायची पट्टी तशीच राहिली. बाई काहीतरी बोलतील म्हणून तो वाट पाहत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. त्यांनी वाटी बाकड्यावर ठेवली, पदर सावरला आणि त्या निघून गेल्या.

त्याला खीर तोंडाशी नेववेना. लाजेने त्याचे कान तापले होते. त्याने छिन्नी घेतली, रिव्हेट तोडले आणि तो उभार डोक्यावर घेऊन भर दुपारी विहाराकडे निघाला. वाटेत पोरं हसली. पंगत उठत होती. सगळ्यांसमोर त्याने तो तुकडा खाली ठेवला.

“भगोणं म्याच कापलं,” तो म्हणाला. “टाक्याचं खोटं होतं.”

त्याच्याकडे कोणी पाहीनासं झालं. तिथे नुसतं उभं राहणं त्याला सोसेना, म्हणून तो नळाजवळ गेला आणि खिरीचं खरकटं भगोणं घासायला बसला.

सत्यशीलाबाई भांडी आणून ठेवत होत्या. त्याच्यापाशी त्या थांबल्या.

“नीट घास, बाबू,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं हाय ते.”