डोळ्यातला कीस

माझी उभी हयात नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर गेली. लोखंड सोलायचं, माप घ्यायचं, पुन्हा सोलायचं. आता मला चहाचा कप धड तोंडापर्यंत नेता येत नाही, निम्मा चहा शर्टावर सांडतो. पार्किन्सन म्हणतात याला. गोळीचा जोर असला की मी माणसात असतो, तो ओसरला की नुसतं लाकूड. मधेच हात असे नाचायला लागतात की गल्लीतले लोक थांबून बघतात. त्यांच्यावर खेकसावं म्हटलं तर आवाज फुटत नाही, मग अंगाचा नुसता तिळपापड होतो.

गोळ्या वाढवायच्या तेवढ्या वाढवून झाल्या, तेव्हा एकच गोष्ट उरली होती. मेंदूत तार घालून बारीक करंट द्यायचं ऑपरेशन. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या पार तळाशी, दोन्ही बाजूंना, शेंगदाण्याहून लहान असा एक एक दाणा असतो. तारेचं टोक त्यात बसलं पाहिजे. जरा इकडं सरकलं तर बोलणं जाईल, जरा तिकडं सरकलं तर डोळे फिरायचे नाहीत. आणि नगरला काढलेल्या माझ्या एमआरआयमध्ये त्या दाण्याची कडच कळत नव्हती.

"या फोटोवर मी तार घालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि फार थांबूही नका. आजार पुढं सरकला की मग हे ऑपरेशन करून उपयोग नसतो."

मला पटलं. अंदाजपंचे जॉब मीसुद्धा कधी केला नाही.

मग त्यांनी लांबच्या एका शहरातलं मशीन सांगितलं. सात टेस्लाचं. अशी मशीनं आपल्याकडे फार थोडी. नेहमीच्या मशीनपेक्षा त्याचा चुंबक कितीतरी दांडगा, त्यात तो दाणा कडेसकट दिसतो. का दिसतो, तर त्या दाण्यात मुळातच लोखंड साठलेलं असतं, ते फोटोत काळं उमटतं. हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बायकोला म्हटलं, "बघ, माझ्या डोक्यातबी लोखंडच हाय."

"ते मला लग्नापासून ठावं हाय," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं हसलो.

माझी बायको पाथर्डीकडची. आता माझं बोलणं तिच्याशिवाय कुणाला कळत नाही. मी पुटपुटतो आणि ती मोठ्यानं सांगते. दवाखान्यात, दुकानात, फोनवर, सगळीकडं असंच. त्या शहरातही ती माझ्या शेजारी बसली होती. मशीनवरची बाई एकेक विचारत होती. पेसमेकर? मी म्हणायचो नाही, ही म्हणायची न्हाई. अंगात कुठं पट्टी, स्क्रू? नाही. न्हाई. डोळ्यात कधी लोखंड गेलंय?

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो नाही मी. लेथवर, ग्राइंडरवर कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस जात नाही? जातो आणि निघतो. निघाला की विषय संपला. त्याची कोण आठवण ठेवतंय!

पण बायकोचं "न्हाई" या खेपेला अडखळलं. बाईनं वर बघितलं.

"म्हंजी, जायचा की," बायको म्हणाली. "पर मी काढायचे ना जिभंनं."

"कशानं?"

आता ही रंगात आली. डोळा लाल करून घरी आले की ह्यांना भिंतीला टेकवून बसवायचं, पापणी वर करायची आन् जिभंच्या शेंड्यानं सगळा डोळा पुसून घ्यायचा. मग कीस बोटावर घेऊन ह्यांना दाखवायचा. सासूबाईंनी शिकवलं. "लई नाजूक काम असतंय," असंही म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला, पण माझ्या पायात जोर कुठं राहिलाय?

बाईनं पेन खाली ठेवलं आणि मला डोळ्याच्या एक्स-रेला पाठवलं. उजव्या डोळ्याच्या जागी, पार मागच्या बाजूला, एक पांढरा ठिपका. खसखशीएवढा म्हणा. तेवढ्यानं दार बंद झालं.

"यांना आत नेता येणार नाही," ती बाई म्हणाली. चांगली होती बिचारी, तिलाही वाईट वाटत होतं.

नगरच्या मशीनमध्ये मी झोपून आलो होतो, काही झालं नव्हतं, हे मी सांगितलं. बायकोनं ते पोचवलं. ती बाई म्हणाली, तिथं नशिबानं वाचलात. इथं चुंबक फार जोरात ओढतो. कण जागेवरून फिरला तर डोळा आतून फाटेल.

"फाटू दे," मी म्हणालो.

बायकोनं टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले.

"सांग की त्यांना! फाटू दे म्हणावं! डोळा घ्या म्हणावं, पण आत न्या!"

ती जमिनीकडं बघत राहिली. माझा आवाज गेल्यापासून पहिल्यांदा तिनं माझा शब्द पोचवला नाही. मी हात जोडायला गेलो, तर ते मेले एकमेकांवर आपटत राहिले. जुळलेच नाहीत. दोन भिंतींपलीकडं ते मशीन घरघरत होतं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर लहान पोरासारखा रडलो.

नगरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की कण जुना आहे, पडद्याला चिकटून शांत बसलाय. काढायला गेलं तर नजर राहीलच असं नाही. बारीकसा अंश मागं राहिला तर ते मशीनवाले पुन्हा परत पाठवतील. म्हणजे डोळाही जाणार आणि हातही राहणार नाहीत, असंही होऊ शकतं. विचार करून कळवा, म्हणाले. अहो, विचार करायला वेळ कुणाकडं आहे? गेल्या महिन्यात शर्टाचं वरचं बटण लागत होतं, आता एकही लागत नाही.

घरी आलो तेव्हा दुपार होती. भात तसाच ताटात राहिला. बायको एकाएकी म्हणाली, "कवातरी माझ्याकडनंच ऱ्हायला त्यो कीस."

"येडी का काय तू? तू काढायचीस तो वरचा. हा आत घुसलेला हाय. डॉक्टर काय बोलला ते ऐकलं न्हाईस?"

ऐकलं होतं. तरी ती उठली. मोरीवर जाऊन चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि मला भिंतीला टेकवून बसवलं. मी नको म्हणालो. गोळी उतरत आली होती, मान हलत होती. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत भिंतीशी दाबून धरलं, अंगठ्यानं पापणी वर केली आणि जीभ लावली. तशीच ऊब, तसाच खारट वास. मला हुंदका आवरेना. आणि तोंडातून आपोआप जुनाच प्रश्न गेला.

"निघाला का?"

तिनं जिभेच्या शेंड्यावरून बोट फिरवलं. दारातल्या उजेडात ते बोट या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. मग पुन्हा माझ्यासमोर बसली. "हलू नका आता. डोळा उघडा ठेवा."