खडेबाईंचं तळं

आमच्या बाई दगड चाटून बघत. रस्त्यात, लग्नाच्या मांडवाबाहेर, कुणाच्या विहिरीच्या कामावर, कुठंही नवा दगड दिसला की पदराला पुसायचा आणि जिभेला लावायचा. "चिकटला की समजायचं, याला तहान आहे," असं म्हणून तो पर्समध्ये टाकायचा. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळत असे. अख्खं कॉलेज त्यांना खडेबाई म्हणे.

दुसरी सवय "असं का?" विचारायची. वसतिगृहाच्या मोरीचं पाणी मागच्या तळ्यात जाई आणि तळ्यावर शेवाळाची जाड साय धरे. ते बुजवून तिथं पार्किंग करायचं प्राचार्यांनी ठरवलं. बरं झालं, वास तरी जाईल, असं आम्हाला वाटलं. बाई म्हणाल्या, "शेवाळाला खायला कोण घालतंय, ते आधी बघू की!" काचनळीत मोरीचं पाणी घेऊन औषध टाकलं. पाण्यात स्फुरद, म्हणजे खतातलं फॉस्फेट, जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. आमची नळी शाईसारखी झाली. शेवाळ आमच्याच मोरीवर पोसलं होतं. बाईंनी प्राचार्यांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आता पाण्यातलं स्फुरद शोषून घेणारा दगड हवा होता; पर्समधले सगळे एकामागून एक नापास झाले. एका रविवारी बाई आमच्या मोहोळच्या रानात आल्या. आई चुनखडीचे खडे वेचून बांधावर फेकत होती.

"लई द्वाड रान हाय, बाई. कितीबी सुपर फॉस्फेट घाला, ही चुनखडी धरून बसती. पिकाला काय मिळंना."

"असं का? धरून बसते? सोडतच नाही, ताई?"

"न्हाय की!"

आपलं गाऱ्हाणं ऐकून इतकं खूश होणारं माणूस आईनं प्रथमच पाहिलं. बाईंनी खडा उचलून जिभेला लावला, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "बरी हाय न्हवं ही?"

पोतंभर खडे एसटीनं आले. मोरी आणि तळं यांच्यामध्ये एका पिंपात भरले. त्यातून गाळून आलेल्या पाण्याची नळी फिकट निघाली, ती बाईंनी थेट प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दिवाळीला तळ्याचा तळ काही दिसला नाही, पण साय जागोजागी फाटली होती आणि मध्ये आभाळ दिसत होतं. तळं वाचलं. पुढं नळी पुन्हा गडद होऊ लागली तेव्हा मी घाबरले. बाई हसल्या. "पोट भरलं खड्यांचं. आता दुसरी पंगत बसवायची." तेव्हापासून आम्ही खडे बदलत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मला फार पोरकं वाटलं. पिंपाकडं बघवेना, म्हणून मी तिकडं जायचंच सोडलं. साय पुन्हा धरली, पार्किंगचा विषय पुन्हा निघाला. एका सकाळी बघते तर आई दारात, आणि रिक्षावाला पोतं उतरवतोय. जन्मभर फेकलेले खडे तिनं या वेळी धुऊन, निवडून आणले होते.

"आई, बाई गेल्या गं."

"ठावं हाय. पर मोरी वाहतीया न्हवं?"

ती पोत्याशी बसली. एक खडा पदराला पुसला, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि जिभेला लावला.

"चिकटतोय," ती म्हणाली. "धर दुसरीकडनं."