बिबीजानची वीट

दौंडात रेल्वेच्या चाळीमागं जेवढी पोरं जन्मली, त्यातली निम्मी तरी बिबीजानच्या शेकावर पोसली. बाळंतिणीला शेक-शेगडी द्यावी ती तिनंच. निखाऱ्यावर ओवा टाकून ऊब कुठं न्यायची आणि कुठं थांबवायची, हे तिच्या हाताला कळायचं. त्याची तिला घमेंडही होती, आणि ती असायला कुणाची हरकत नव्हती.

तिचा नवरा पाशा स्टेशनात सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलून देणारा. बासष्टच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याला सिग्नलच्या एका दिव्याचे दोन दिसले. गाडी भलत्या रुळावर जायची, या धास्तीनं त्यानं आपण होऊन मास्तरांना सांगितलं आणि काम सोडलं. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. कुणी चष्मा दिला, कुणी पित्त म्हणालं. अखेर पुण्याच्या एका इस्पितळात देवस्थळी डॉक्टरांनी डोळ्यांत बारीक उजेड टाकून पाहिलं, डोक्याचे फोटो काढले आणि मेंदूत गाठ असल्याचं सांगितलं. सुरी तिथवर पोचणार नव्हती; यंत्रातून किरण सोडायचे होते. डॉक्टर अशाच गाठींवर संशोधन करत होते, पण दौंडच्या बाईला किरण काय कळणार, म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं, "रोज शेक द्यायचा. एकही चुकवायचा नाही."

शेक म्हटल्यावर बिबीजानच्या जिवात जीव आला. हे तर तिच्याच घरचं काम.

पाशाच्या भादरलेल्या डोक्यावर किरणांच्या जागेभोवती जांभळी रेघ ओढली गेली. नवरा-बायको रोज सकाळच्या गाडीनं पुण्याला जाऊ लागले. रेघेच्या आतली कातडी हळूहळू काळवंडली. आणि एक दिवस यंत्रच बिघडलं. दुरुस्त झालं की या, असं सांगून तिथल्या माणसानं त्यांना परत पाठवलं. बिबीजानला घास जाईना. गाठ काय दुरुस्तीची वाट बघत बसणार होती? दोन दिवस तिनं कळ काढली. तिसऱ्या दिवशी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि बरोबर जांभळ्या रेघेच्या आत धरली. पाशा आग होतेय म्हणाला. ऊब लागतेय, सोसा, असं म्हणून तिनं वीट तशीच दाबून ठेवली.

सकाळी तिथं फोड टरारले होते.

यंत्र सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी डोकं पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आंघोळीचं कढत पाणी सांडलं, असं पाशानं ठोकून दिलं. बिबीजाननं पदर सावरला.

"झूट हाय, साहेब. म्या शेक दिला. विटेचा."

डॉक्टरांनी फोडांवर मलमाची पट्टी ठेवली. मग त्यांनी सांगितलं, की किरणांनी कातडी आधीच नाजूक झालेली असते, तिला फडक्याची साधी ऊनऊन घडीसुद्धा चालत नाही. आता जखम भरेपर्यंत उपचार बंद. शब्द माझा चुकला, असंही ते म्हणाले. त्यानं बिबीजानचं समाधान झालं नाही. शब्द त्यांचा असेल, वीट तिची होती.

पुढचे आठवडे तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. पाशाच्या हातून बशीतला चहा जरा हिंदकळला की ती त्याच्यापुढं बोट धरून किती दिसतात ते विचारायची. शेजारच्या धुरपदाची सून बाळंत झाली, तिचं बोलावणं आलं; ही गेली नाही. तिला शेगडीची भीती बसली होती.

जखम भरली. पाशाला पुन्हा यंत्राखाली निजवलं, जाड दार लागलं, आणि व्हरांड्यात तिनं डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, खरं सांगा. माझ्यापायी जे दिस गेले, त्यात गाठ किती वाढली?"

"माहीत नाही, बिबीजानबाई," डॉक्टर म्हणाले. "मधे खंड पडला तर काय होतं, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. तेच शोधतोय मी."

शिव्या खायची तिची तयारी होती, खोटा धीरही तिनं ऐकून घेतला असता. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकायची तिची तयारी नव्हती. तिनं बंद दाराकडं पाहिलं.

"मंग लवकर शोधा, साहेब. आत निजलाय त्यो माझा मानूस हाय."